उद्ध्वस्त नगरीचा जलसेवक

इतिहासाच्या पुस्तकांत राजांची नावे असतात, सेनापतींची असतात, क्रांती करणाऱ्यांची असतात आणि क्रांतीत बळी गेलेल्यांचीही असतात. ज्याने एखाद्या नगराला पाणी पाजले त्याचे नाव मात्र त्या पुस्तकांत शोधूनही क्वचितच सापडते. तोटी फिरवली की पाणी यावे, बटण दाबले की दिवा लागावा, हे आपण इतके गृहीत धरून चालतो की त्यामागे कोणाचे तरी आयुष्य खर्ची पडले असेल हे मनातही येत नाही. पाणी बंद झाले की मात्र आपल्याला पाणी खात्याच्या साहेबांची आठवण होते, आणि ती बहुधा शिव्या देण्यापुरतीच असते. सार्वजनिक सेवेच्या व्यवस्थापकाचे भाग्यच असे, की काम बिघडले तरच तो जगाला दिसतो.

अशाच एका व्यवस्थापकाच्या जीवनकार्याचे स्मरण आम्ही येथे करू इच्छितो. तो आपल्या देशातला नाही. रॅमन मॅगसेसे पुरस्काराचे नाव मात्र मराठी वाचकाला नवे नाही. १९५८ साली आचार्य विनोबा भावे यांना, १९७९ साली जामखेडच्या डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याला आणि १९८५ साली बाबा आमटे यांना तो लाभला. २००६ साली याच पुरस्काराच्या मानकऱ्यांत अरविंद केजरीवाल होते, म्हणून त्या वर्षी आपल्याकडे त्याचा बराच गाजावाजा झाला. त्याच वर्षी शासकीय सेवेसाठीचा पुरस्कार कंबोडियातील एका पाणीपुरवठा अधिकाऱ्याला मिळाला होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात राहिले. त्यांचे नाव एक सोन चान. यातील 'एक' हे त्यांचे कुलनाम आहे, मराठी वाचकाने ती संख्या समजू नये. कंबोडियात कुलनाम आधी लिहिण्याची रीत आहे.

सोन चान यांनी काय केले हे कळण्यासाठी त्यांच्या नगरीवर काय गुदरले होते ते आधी पाहावे लागते. मेकाँग आणि तोनले साप या नद्यांच्या संगमावर वसलेले नॉम पेन्ह हे कंबोडियाच्या राजधानीचे शहर. फ्रेंच अमदानीत, १८९५ साली, तेथे नळाच्या पाण्याची सोय सुरू झाली. देश स्वतंत्र झाल्यावर ती वाढत गेली, आणि १९६० च्या दशकात शहराची जलशुद्धीकरण केंद्रे दिवसाला सुमारे दीड लाख घनमीटर पाणी देऊ शकत होती. त्या काळी आशियातील देखण्या शहरांत या नगरीची गणना होत असे.

१७ एप्रिल १९७५ रोजी पोल पॉटचे ख्मेर रूज सैनिक शहरात शिरले. काही तासांच्या आतच साऱ्या शहराला घरेदारे सोडून बाहेर पडण्याचा हुकूम झाला. युद्धाच्या भीतीने आश्रयाला आलेल्यांसह सुमारे वीस लाख माणसे रस्त्यावर आली. इस्पितळांतील रुग्णांनाही खाटांसकट बाहेर ढकलण्यात आले. शहर हेच पाप, पैसा हेच पाप, शिक्षण हेच पाप, असे मानणारी ती राजवट होती. राष्ट्रीय बँकेची इमारत स्फोटकांनी उडवण्यात आली, चलन रद्द झाले, आणि नॉम पेन्हचे भव्य कॅथॉलिक कॅथेड्रल तर पायापासून उखडून टाकण्यात आले. शिक्षक, डॉक्टर, इंजिनिअर यांना वेचून मारण्यात आले. त्यामुळे आपण शिकलेले आहोत हे लपवणे हाच जगण्याचा एक मार्ग उरला. ७ जानेवारी १९७९ रोजी ती राजवट कोसळली, तोवर सुमारे सतरा लाख माणसे भुकेने, रोगाने, अतिश्रमाने किंवा गोळीने संपली होती.

सोन चान हे विद्युत अभियांत्रिकी शिकलेले तरुण होते. इतरांप्रमाणे त्यांनाही शेतात राबावे लागले. आईवडील आणि भावंडे त्यांनी या संहारात गमावली. १९७९ साली ते नॉम पेन्हला परतले तेव्हा शहर ओसाड होते, घरात माणूस उरले नव्हते, आणि इंजिनिअरला साजेशी नोकरी मिळण्याची तर शक्यताच नव्हती. त्यांना मिळाले ते नगरपालिकेच्या कत्तलखान्यातील खाटकाचे काम. ते त्यांनी पत्करले. पुढे त्याच कत्तलखान्याचा कारभार त्यांच्याकडे आला, नंतर शहराच्या व्यापार खात्याचे संचालकपद आले. हातातले काम लहान की मोठे याचा विचार न करता ते नीट करावे, हा धडा त्यांनी बहुधा तिथेच गिरवला असावा असे आम्हांला वाटते. १९९१ च्या पॅरिस शांतता करारानंतर, १९९३ साली, संयुक्त राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली कंबोडियात निवडणुका झाल्या. त्याच वर्षी सोन चान यांच्याकडे शहराच्या पाणीपुरवठा प्राधिकरणाची सूत्रे सोपवण्यात आली.

ही सूत्रे हाती घेणे म्हणजे बुडत्या जहाजाचे सुकाणू धरण्यासारखे होते. शुद्धीकरणाची क्षमता घटून दिवसाला ६५,००० घनमीटरवर आली होती. शंभरातील जेमतेम पंचवीस घरांपर्यंत नळ पोहोचत होता, आणि त्यांनाही दिवसातून दहाच तास पाणी मिळत असे. दाब इतका कमी होता की लोकांनी अंगणात खड्डे खणून तेथे जमिनीखालच्या वाहिनीला तोंड पाडले होते. त्या खड्ड्यात झिरपून साचणारे पाणी घरात नेले जाई, आणि खड्ड्यातली घाण वाहिनीत परत जाई. वाहिन्यांचे नकाशे नाहीसे झाले होते. ते वाचू शकणारी जाणती माणसे ख्मेर रूजच्या काळात मारली गेली होती किंवा परागंदा झाली होती.

याहून मोठा रोग हिशेबाच्या वहीत होता. शुद्ध केलेल्या प्रत्येक शंभर लिटर पाण्यापैकी बहात्तर लिटरचा पैसा खात्याला मिळत नव्हता. त्यातले काही फुटक्या वाहिन्यांतून वाया जाई, उरलेले चोरीला जाई. ग्राहकांच्या यादीवर २६,८८१ नावे होती. त्यांतील निम्म्याच्या आसपास नावे केवळ कागदावरची निघाली, आणि उलटपक्षी हजारो घरे अशी सापडली की ज्यांत पाणी येत होते, पण यादीत त्यांचे नावच नव्हते. मीटर होते ते शंभरात तेरा जोडण्यांना. आकारलेल्या बिलांपैकी निम्म्याहूनही कमी रक्कम वसूल होत असे. खात्यातली माणसे तुटपुंज्या पगारावर काम करीत आणि रात्री बेकायदा जोडण्या विकून पोट भरीत. ज्या घरी सत्ता होती त्या घरी पाणी फुकट होते. झोपडीतल्या माणसाला मात्र पाणी विकणाऱ्याकडून डबा भरून घ्यावा लागे. गरिबाचे पाणी सर्वांत महाग, हा तेथला न्याय होता. आपल्याकडील टंचाईच्या गावांत आणि वस्त्यांत टँकरमागे धावलेल्या वाचकाला तो वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

सोन चान यांनी पहिले पाऊल वहीवर टाकले. खात्याची माणसे घरोघरी, गल्लोगल्ली पाठवण्यात आली. कोणत्या घरात नळ आहे, तो कोठून येतो, त्या घरात कोण राहते, याची मोजणी सुरू झाली, आणि यादी पुन्हा नव्याने लिहिली गेली. हे काम दिसायला कारकुनी होते. पण साऱ्या देशाची नोंदवहीच ज्यांनी जाळून टाकली त्यांच्यानंतर, माणसाचे खरे नाव खऱ्या घरासमोर लिहिणे हीच पुनर्बांधणीची पहिली वीट होती असे आम्ही मानतो.

दुसरे पाऊल स्वतःच्या खात्यावर पडले. बेकायदा जोडण्यांच्या व्यवहारात सापडलेल्या कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. चोरीची जोडणी दाखवून देणाऱ्या नागरिकाला बक्षीस आणि पकडल्या गेलेल्याला दंड, असा नियम झाला. मात्र केवळ दंडुका उगारून माणसे प्रामाणिक होत नाहीत हेही त्यांनी ओळखले होते. पगार वाढवले गेले, चांगल्या कामाला बक्षिसी ठरली, तरुण कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन जबाबदारीच्या जागा दिल्या गेल्या. ज्याला पगारात घर चालवता येत नाही त्याच्याकडून सचोटीची अपेक्षा करणे हे एक प्रकारचे ढोंग आहे, ही जाणीव त्यांच्या साऱ्या कारभारात दिसते.

तिसरे पाऊल सर्वांत धोक्याचे होते. मीटर सर्वांच्या घरी बसायचा होता, आणि 'सर्वांच्या' या शब्दात मंत्री, सरकारी कचेऱ्या आणि लष्करी अधिकारीही येत होते. दोन दशके युद्ध पाहिलेल्या त्या शहरात घरोघरी बंदुका होत्या. मुलाखतींतून सोन चान यांनी स्वतः सांगितलेला एक प्रसंग पुढे पुष्कळ ठिकाणी सांगितला गेला. एका सेनाधिकाऱ्याने आपल्या घरी मीटर बसवू देण्यास नकार दिला. समजूत घालायला सोन चान स्वतः गेले, तेव्हा त्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर पिस्तूल रोखले. ते परतले, आणि सशस्त्र पोलिसांची तुकडी घेऊन पुन्हा त्याच दारात उभे राहिले. त्या घराचे पाणी तोडण्यात आले. अखेर सेनाधिकाऱ्याला मीटर घ्यावा लागला. ही गोष्ट शहरभर झाली, आणि पाण्याचे बिल सर्वांनाच भरावे लागणार हे लोकांना पहिल्यांदा पटले.

या प्रसंगातील शौर्य सर्वांना दिसते. आम्हांला त्यातील न्याय अधिक महत्त्वाचा वाटतो. सेनाधिकारी जे पाणी फुकट घेत होता ते कोणाचे होते? ते त्या झोपडीतले होते, जेथे वाहिनी पोहोचू शकली नव्हती, कारण वाहिनी टाकायला खात्यापाशी पैसाच नव्हता. बलवानाला दिलेली प्रत्येक सवलत दुर्बळाच्या घागरीतून वजा होते. दया करायची तर आधी हिशेब कठोर ठेवावा लागतो, हे या प्रशासकाने ओळखले. त्यांच्या चरित्राचे सार आम्हांला या एका गोष्टीत दिसते.

डिसेंबर १९९६ मध्ये सरकारने प्राधिकरणाला स्वायत्तता दिली. आपले उत्पन्न आपण ठेवावे, आपली माणसे आपण नेमावी, आपली कर्जे आपण फेडावी, असा अधिकार मिळाला. १९९७ साली दरवाढीचा प्रश्न पुढे आला. सोन चान यांनी दर तीन टप्प्यांत वाढवण्याची योजना मांडली. पहिला टप्पा त्याच वर्षी अमलात आला, दुसरा २००१ साली. तिसऱ्या टप्प्याची वेळ आली तेव्हा हिशेब पाहता असे आढळले की गळती आणि चोरी थांबल्यामुळे उत्पन्न खर्चाला पुरत आहे. तिसरी वाढ झालीच नाही. सार्वजनिक संस्थेने ठरलेली दरवाढ गरज उरली नाही म्हणून सोडून दिली, असे उदाहरण आमच्या वाचनात फारसे नाही.

दरांची रचनाही विचारपूर्वक केलेली होती. घरगुती वापराच्या पहिल्या सात घनमीटरला दर घनमीटरमागे ५५० रिएल, आणि पुढे वापर वाढेल तसा दर चढत जाऊन पन्नास घनमीटरच्या वर १,२७० रिएल. जो अधिक वापरील त्याने अधिक द्यावे आणि पिण्यापुरते पाणी सर्वांना परवडावे, हे सूत्र त्यामागे होते.

तरीही एक अडचण उरली होती. गरीब कुटुंबाला महिन्याचे बिल झेपत होते, पण जोडणीसाठी एकदम भरावी लागणारी रक्कम झेपत नव्हती. दारासमोरून वाहिनी जाते आणि घरात पाणी नाही, अशी ती स्थिती होती. यावर प्राधिकरणाने दोन उपाय केले. जोडणीची रक्कम हप्त्याहप्त्याने भरण्याची सोय केली, आणि कुटुंबाची परिस्थिती पाहून तीस टक्क्यांपासून थेट शंभर टक्क्यांपर्यंत सूट दिली. सोन चान यांनी मांडलेला हिशेब असा, की पूर्वी गरीब कुटुंब पाणी विकणाऱ्याला दिवसाला १,००० रिएल देत होते. नळ आल्यावर त्याला महिन्याला ५,००० रिएलच्या आसपास खर्च येऊ लागला. म्हणजे महिन्याला तीस हजार जात तेथे पाच हजार जाऊ लागले. उरलेल्या पैशांत त्या घरी काय आले असेल याचा विचार वाचकांनी आपापल्या घरखर्चावरून करावा.

आता १९९३ आणि २००६ या दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून पाहू. शुद्धीकरणाची क्षमता ६५,००० वरून २,३५,००० घनमीटरवर गेली. जोडण्या २६,८८१ होत्या, त्या सुमारे १,४७,००० झाल्या. शहराचा नव्वद टक्के भाग नळाखाली आला, पाणी चोवीस तास मिळू लागले, प्रत्येक जोडणीला मीटर बसला आणि वसुली जवळजवळ पूर्ण होऊ लागली. हिशेबाबाहेर जाणारे पाणी बहात्तर टक्क्यांवरून सुमारे आठ टक्क्यांवर आले. जगातील कित्येक श्रीमंत शहरांनाही हा आकडा साधलेला नाही.

या आकड्यांत दोन गोष्टी दडलेल्या आहेत. केंद्रांची क्षमता साडेतीन पटींनी वाढली. पण वाया जाणारे वजा केले तर १९९३ साली दिवसाला १८,००० घनमीटरच्या आसपास पाणी हिशेबात येऊ शकत होते, आणि २००६ साली २,१६,००० घनमीटर, म्हणजे जवळजवळ बारा पट. साडेतीन आणि बारा यांतील अंतर नव्या यंत्रांनी भरून निघालेले नाही, ते सचोटीने भरून निघाले आहे. दुसरी गोष्ट माणसांची. १९९३ साली दर हजार जोडण्यांमागे बावीस कर्मचारी होते, २००६ साली चार. वरवर पाहता माणसे काढून टाकली असे वाटेल. परंतु जोडण्यांच्या संख्येने गुणून पाहिले तर दोन्ही वेळी एकूण कर्मचारी सहाशेच्या आतबाहेरच येतात. तेवढ्याच मनुष्यबळावर पाचपटीहून अधिक घरांची सेवा होऊ लागली. जे खाते भ्रष्ट आणि नालायक म्हणून बदनाम झाले होते, त्याचा कायापालट मोठी नोकरकपात न करता झाला.

हे सारे एकट्या माणसाचे कर्तृत्व होते असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. जपान आणि फ्रान्स या देशांनी, जागतिक बँकेने आणि आशियाई विकास बँकेने मदत व कर्जे दिली. शहराचा पाणीपुरवठ्याचा बृहत् आराखडा जपानच्या साहाय्याने तयार झाला, आणि जपानमधील किताक्युशू शहराच्या पाणी खात्याने तेथील तंत्रज्ञांना गळती शोधण्याचे व पुरवठ्यावर नजर ठेवण्याचे शिक्षण दिले. सत्तेवर असलेल्यांचा पाठिंबा नसता तर सेनाधिकाऱ्यांचे नळ तोडता आले नसते. ती सत्ता विरोधकांशी सौम्यपणे वागणारी नव्हती, हेही विसरता येत नाही. परंतु परकी मदत त्या काळात कंबोडियातील इतर खात्यांनाही मिळत होती, आणि ती सगळीकडे अशी फळली नाही. फुटक्या घागरीत कितीही पाणी ओतले तरी ती भरत नाही. सोन चान यांनी आधी घागर सांधली आणि मग ती भरायला घेतली.

पुढचा वृत्तांत थोडक्यात सांगता येईल. २००६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१० साली प्राधिकरणाला स्टॉकहोम येथील उद्योगक्षेत्रासाठीचा जल पुरस्कार मिळाला. एप्रिल २०१२ मध्ये कंबोडियाच्या नव्या शेअर बाजारात भाग नोंदवणारी पहिली संस्था होण्याचा मान याच प्राधिकरणाला मिळाला. पंधरा टक्के भाग विकले गेले, उरलेले पंच्याऐंशी टक्के सरकारकडे राहिले. ज्या शहरात १९७५ साली पैसाच बाद ठरवण्यात आला होता, त्या शहरात लोक आपली बचत विश्वासाने पाणी खात्यात गुंतवू लागले. त्याच सुमारास सोन चान प्राधिकरणातून बाहेर पडून उद्योग मंत्रालयात वरिष्ठ पदावर गेले. जवळजवळ दोन दशके त्यांनी एकाच खात्याची धुरा वाहिली होती. वर्षा-दोन वर्षांत बदलून जाणाऱ्या साहेबाकडून असे काम होणे कठीण असते, हाही या चरित्राचा एक धडा आहे.

सार्वजनिक कारभार म्हटला की तो भोंगळच असणार, प्रामाणिकपणा धरायचा तर खासगी धंद्यातच धरावा, असे आपल्याकडे अनेक सुशिक्षित माणसेही बोलू लागली आहेत. त्यांनी नॉम पेन्हचा इतिहास अवश्य वाचावा. तेथील पाणी खाते खासगी मालकाच्या हाती गेले नाही. ते लोकांचेच राहिले आणि सुधारले. आपल्यापैकी कितीतरी जण पतपेढीवर, सहकारी सोसायटीवर, शाळेच्या किंवा पॅरिशच्या समितीवर काम करतात. तेथेही एक वही असते, एक यादी असते, आणि 'हे आपलेच आहेत, यांना कशाला विचारायचे' असे कोणीतरी हळूच कानात सांगणारे असते. त्या क्षणी आपण जे नाव वहीतून वगळतो, त्याची भरपाई त्या यादीच्या अगदी तळाशी असलेले कोणीतरी करीत असते.

सोन चान यांचे घर ज्यांनी उद्ध्वस्त केले त्यांच्यावर सूड उगवण्याचा विचार त्यांच्या मनात कधी आला असेल तर तो मानवी स्वभावाला धरूनच झाला असता. त्यांनी आपली वर्षे वेगळ्या कामात घातली. ज्या शहरातून माणसे हाकलून देण्यात आली होती, त्या शहरात परतलेल्या माणसांच्या घरी त्यांनी पाणी नेऊन पोहोचवले. नॉम पेन्हमध्ये आज जे मूल तोटीला तोंड लावून पाणी पिते, त्याला हे नाव ठाऊक नसेल. त्या मुलाला ते ठाऊक असण्याची गरजही पडू नये इतके पाणी नियमित यावे, यासाठीच तर त्यांनी ही खटपट केली.